माध्यम शिकवणाऱ्यांना कोण शिकवणार?

जूनच्या शेवटच्या आठवड्यात एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. सहा-सात वर्षांपूर्वी मी एका महाविद्यालयात पत्रकारितेचे तास घ्यायला जायचो, तेव्हा ती माझ्या वर्गात होती. पुढं तिनं एम.ए. केलं, एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात दीडेक वर्ष काढलं, सेट पास झाली. आता तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणाली, “सर, मला फॅक्ट चेकिंगचा पेपर दिलाय. दोन क्रेडिट. सोमवारपासून तास आहेत. काय शिकवू?”

अभ्यासक्रम बघितलास का, विचारलं. बघितला होता. पाऊण पानाचा होता. चार घटक, खाली संदर्भग्रंथांची यादी, त्यातली सगळी पुस्तकं इंग्रजी आणि महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एकही नाही. मग प्रशिक्षण झालं का, असं विचारल्यावर ती हसली. “झालं ना सर. आठ दिवस, ऑनलाइन. मेजर म्हणजे काय, मायनर म्हणजे काय, क्रेडिट कसे मोजायचे, विद्यार्थ्याचं क्रेडिट बँकेत खातं कसं उघडायचं, सगळं सांगितलं. वर्गात गेल्यावर काय करायचं, तेवढं राहिलं.”

तिच्या शेवटच्या वाक्यावर मी बरेच दिवस विचार करतोय. नव्या शैक्षणिक धोरणावर आपल्याकडं भरपूर बोललं गेलं, बाजूनं आणि विरोधात. धोरणाला मंजुरी मिळाली जुलै २०२० मध्ये. महाराष्ट्रात ते २०२३-२४ पासून विद्यापीठांचे विभाग आणि स्वायत्त महाविद्यालयांत आलं, त्याच्या पुढच्या वर्षी संलग्न महाविद्यालयांत. तेव्हापासून आमच्या ओळखीतले सगळे प्राध्यापक तक्ते भरतायत. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानपरंपरा, क्षेत्रीय प्रकल्प, प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण. एका क्रेडिटला १५ तास, प्रात्यक्षिक असेल तर ३०. पदवी तीन वर्षांची, चौथं वर्ष ऐच्छिक. हा सगळा आराखडा कागदावर वाईट नाही. माध्यम विषयाच्या दृष्टीनं तर त्यात चांगल्या गोष्टीही आहेत. वृत्तपत्रात किंवा चॅनेलमध्ये जाऊन काम करणं पूर्वी मुलांच्या ओळखीपाळखीवर होतं, आता त्याला गुण आहेत. विज्ञानाचा मुलगा ओपन इलेक्टिव्ह म्हणून माध्यम साक्षरतेचा पेपर घेऊ शकतो, हेही चांगलंच झालं. प्रश्न इतकाच आहे, की हे शिकवणारा माणूस कुठून आणणार आणि त्याला कोण तयार करणार?

आपल्याकडं एक गंमत आहे. पहिली-दुसरीच्या पोरांना शिकवायला डी.एड. लागतं, आठवी-नववीला बी.एड. त्यात पाठ घ्यावे लागतात, कुणीतरी मागच्या बाकावर बसून ते तपासतं, चुका सांगतं. महाविद्यालयात मात्र यातलं काहीच लागत नाही. नेट किंवा सेट पास झालात की तुम्ही पात्र. ‘जनसंवाद आणि पत्रकारिता’ या विषयाची नेट म्हणजे दोन पेपर मिळून १५० प्रश्न, सगळे पर्यायी उत्तरांचे, तीन तासांत सोडवायचे. पहिल्या पेपरात ‘अध्यापन अभिक्षमता’ नावाचा भाग असतो खरा, पण तिथंही चारातला एक पर्याय निवडायचा असतो. पन्नास मुलांसमोर उभं राहून बातमी कशी उघडून दाखवायची, हे त्यातून कळायची सोय नाही.

दुसऱ्या बाजूला विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची वाट उघडली. आपल्या क्षेत्रात किमान १५ वर्षं काम केलेला माणूस पदवीची अट न लावता घेता येतो, मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत. माध्यमाच्या विभागांना याचा उपयोग व्हायला हवा. पण मी स्वतः बातमीदारीतून वर्गात गेलेला माणूस आहे, म्हणून सांगतो. पहिलं वर्षभर मी वर्गात फक्त किस्से सांगितले. अमुक मंत्र्याची मुलाखत कशी मिळवली, दंगलीत कसे अडकलो, संपादकानं बातमी कशी कापली. मुलं खूश होती. परीक्षेच्या वेळी कळलं, की त्यांना बातमीचा पहिला परिच्छेद लिहिता येत नव्हता. काम येणं वेगळं आणि ते दुसऱ्याच्या हाताला लावणं वेगळं, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर त्या बॅचचं वर्ष वाया गेलं नसतं. माझ्याबरोबर नेट झालेले एक सहकारी होते, त्यांचं उलट होतं. मॅकोम्ब्स आणि शॉ यांनी १९६८ च्या अमेरिकी निवडणुकीवर केलेला अभ्यास, त्यातून १९७२ मध्ये आलेला अजेंडा सेटिंगचा सिद्धान्त, त्यांना तोंडपाठ. पण आपल्या जिल्ह्याच्या पेपरात रस्त्याच्या खड्ड्यांची बातमी सलग आठ दिवस पहिल्या पानावर का येते आणि नवव्या दिवशी का गायब होते, यावर मुलांना बोलतं करणं त्यांना जमत नसे. आम्ही दोघं एकमेकांच्या तासाला एकदाही जाऊन बसलो नाही. तशी पद्धतच नव्हती.

खरं तर धोरणाच्या मसुद्यात या दुखण्याची जाण आहे. नव्यानं पीएच.डी.ला बसणाऱ्यांनी आपापल्या विषयाच्या अध्यापनाचे क्रेडिट घ्यावेत आणि ठराविक तास प्रत्यक्ष शिकवावं, असं त्यात लिहिलंय. सप्टेंबर २०२३ मध्ये मालवीय मिशन सुरू झालं. देशभरातल्या जुन्या मनुष्यबळ विकास केंद्रांना नवं नाव आणि प्रशिक्षणासाठी आठ विषय मिळाले. ज्ञानपरंपरा, संशोधन, कौशल्यविकास, माहिती तंत्रज्ञान वगैरे. त्यात ‘विद्यार्थ्यांमधली विविधता आणि समावेशक शिक्षण’ हाही एक विषय आहे, त्याकडं पुढं येतो. अडचण अशी, की हे प्रशिक्षण सर्व विषयांच्या प्राध्यापकांना एकाच पडद्यावर एकत्र दिलं जातं. वनस्पतिशास्त्र, वाणिज्य आणि पत्रकारिता शिकवणारे कॅमेरा बंद करून शेजारी शेजारी बसतात. कायम नोकरीतल्याला त्या प्रमाणपत्राचा पदोन्नतीसाठी उपयोग होतो. तासिकेवरच्याला कसली पदोन्नती? त्याला जेवढे तास तेवढे पैसे. तयारीचे नाहीत, सुट्टीचे नाहीत, पेपर तपासताना जागलेल्या रात्रीचे तर नाहीतच. माध्यमाचे बहुतेक अभ्यासक्रम विनाअनुदानित, त्यामुळं या विषयाचा नवा शिक्षक म्हणजे जवळपास नेहमी असाच कुणीतरी, जो पुढच्या जूनमध्ये तिथं असेलच याची खात्री नाही. ज्याला वर्षभरानं ठेवायचंय की नाही हेच ठरलेलं नाही, त्याच्या प्रशिक्षणावर खर्च कोण करणार?

आता त्या मुलीच्या पेपरकडं येतो. फॅक्ट चेकिंग. अभ्यासक्रमात मिसइन्फर्मेशन आणि डिसइन्फर्मेशनच्या व्याख्या आहेत, उलट प्रतिमाशोधाची साधनं आहेत. कुणीही दोन तासांत सांगून मोकळा होईल. मी तिला म्हटलं, व्याख्या नंतर. आधी पालघरचा व्हिडिओ घे.

१६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावात जमावानं दोन साधू आणि त्यांच्या गाडीचालकाला ठार केलं. टाळेबंदीचे दिवस होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा त्या भागात कित्येक दिवस होती. घटनेचे व्हिडिओ पसरले आणि त्यातल्या एकाला कुणीतरी ओळ जोडली, की जमावात एकजण ‘शोएब’ असं ओरडतोय. ती ओळ वाचून व्हिडिओ ऐकला की खरोखर ‘शोएब’ ऐकू येतं. मलाही आलं होतं. राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सांगितलं, की तो आवाज ‘ओए बस’ असा आहे. अटक झालेल्या १०१ जणांची यादी त्यांनी जाहीर केली, त्यात एकही मुसलमान नव्हता. पण तोवर देशभरातल्या फोनांवर एक शोएब खुनी ठरून गेला होता.

हा व्हिडिओ कसा शिकवायचा? दृश्य दाखवायचंच नाही, ते अमानुष आहे आणि त्याची गरजही नाही. फक्त आवाजाचा दोन-तीन सेकंदांचा तुकडा काढायचा. अर्ध्या वर्गाला काही न सांगता ऐकवायचा, अर्ध्याला आधी ती ओळ वाचायला द्यायची. प्रत्येकानं ऐकलेले शब्द कागदावर लिहायचे. मग कागद एकत्र करून फळ्यावर मांडायचे. डोळ्यांनी वाचलेलं कानात कसं शिरतं, हे मुलांना त्या फळ्यावर दिसतं. त्यानंतर मिसइन्फर्मेशनची व्याख्या सांगायला पाच मिनिटं पुरतात.

हे सांगून मी फोन ठेवणार होतो. ती म्हणाली, “सर, माझ्या वर्गात शोएब आहे. शेवटून दुसऱ्या बाकावर बसतो. फारसा बोलत नाही.”

मी गप्प झालो. इतकं साधं मला सुचलं नव्हतं. मुंब्रा, भिवंडी, मालेगाव, औरंगाबाद, परभणी, कुठल्याही महाविद्यालयाच्या हजेरीपटावर हे नाव असणार. व्हिडिओचा तुकडा वाजवला की पन्नास माना एकाच दिशेला वळणार. त्या मुलासाठी तो तास कसला असेल? त्याला आधी बाजूला घेऊन सांगावं, की वेगळं सांगणं म्हणजेच त्याला वेगळं काढणं? तो वर्गात नसल्यासारखं शिकवावं का? कुणी मागून शिट्टी मारली तर? आणि शिक्षिका मुसलमान असेल तर ‘या आपल्या लोकांची बाजू घेतात’ असं म्हणणारा एखादा पालक दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसलेला असतो, हा अनुभव मला स्वतःला आहे. नसेल तर शांततेचं छोटं भाषण देऊन विषय गुंडाळायचा मोह होतो.

माध्यम शिकवणाऱ्याची अडचण इथं आहे आणि ती भूगोल किंवा लेखाशास्त्र शिकवणाऱ्याची नाही. आमचं पाठ्यपुस्तक म्हणजे आजचा पेपर, आणि पेपर ज्यांच्याबद्दल आहे ती माणसं समोरच्या बाकावर बसलेली असतात. कधी ते मुसलमान असतात, कधी दलित वस्तीतली मुलगी, कधी पारधी समाजातला मुलगा, ज्याच्या जमातीचं नाव गुन्ह्याच्या बातमीत अजूनही आवर्जून छापलं जातं. कधी आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याचं पोर असतं, ज्याच्या घरासमोर कॅमेरे लावून गेलेले असतात. ‘विद्यार्थ्यांमधली विविधता’ म्हणून जो विषय प्रशिक्षणाच्या यादीत आहे, त्याचा माध्यमाच्या वर्गातला अर्थ हा आहे. तो आठ दिवसांच्या व्याख्यानांतून येत नाही. त्यासाठी पाठ घेऊन बघावा लागतो, चुकावं लागतं आणि चूक दाखवणारं कुणीतरी मागच्या बाकावर लागतं.

दुसरं उदाहरण तब्लिगी जमातीचं. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये मराठी चॅनेलांनी आणि पेपरांनी काय छापलं-दाखवलं, ते प्रत्येकाला आठवत असेल. माझ्या मोहल्ल्यातल्या भाजीवाल्याची गाडी त्या महिन्यात दोन कॉलनीत बंद झाली, ती पुन्हा सुरू व्हायला दिवाळी उजाडली. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं अहमदनगर जिल्ह्यात २९ परदेशी नागरिकांवर दाखल झालेले गुन्हे रद्द केले. मरकजला आलेल्या परदेशी लोकांविरुद्ध छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतून मोठा प्रचार झाला, संकटात कुणाला तरी बळीचा बकरा केलं जातं, असं निकालपत्रात आहे. दिल्लीतल्या मशिदींत आणि घरांत या लोकांना आसरा दिल्याबद्दल ज्या भारतीयांवर गुन्हे होते, ते रद्द व्हायला जुलै २०२५ उजाडला.

औरंगाबादचा निकाल माध्यमांविषयी आहे, महाराष्ट्रातला आहे, उच्च न्यायालयाचा आहे. माध्यम कायदे आणि नीतिमत्ता या पेपरात तो असायला हवा की नको? मी गेल्या दोन वर्षांत चार अभ्यासक्रम चाळले, मला कुठं दिसला नाही. आणि तो ठेवला तर पूर्ण ठेवावा. खंडपीठातले दुसरे न्यायमूर्ती सेवलीकर गुन्हे रद्द करण्याशी सहमत होते, पण सहकारी न्यायमूर्ती नलावडे यांच्या काही निरीक्षणांशी नव्हते, आणि त्यांनी तसं नोंदवलं. मुलांना तेही वाचायला द्यायचं. माझ्या मते या मतभेदामुळं निकाल शिकवायला जास्त चांगला झालाय. शिक्षकाला त्यात बाजू घेऊन भाषण करायची गरज उरत नाही. दोन्ही मतं आणि त्या महिन्यातले पेपर टेबलावर ठेवायचे आणि मुलांना मोजायला सांगायचं. किती मथळ्यांत धर्म आहे, किती बातम्यांत दुसरी बाजू आहे, निकालाची बातमी कोणत्या पानावर किती ओळींत आली. मोजलं की वाद निम्मा शांत होतो, असा माझा तरी अनुभव आहे. बाकीचा निम्मा होऊ द्यावा.

वांद्र्याचंही तसंच. १४ एप्रिल २०२० ला टाळेबंदी वाढल्याच्या दिवशी वांद्रे स्टेशनबाहेर गावी जाऊ पाहणाऱ्या मजुरांची गर्दी जमली. स्टेशनला लागून जामा मशीद आहे, ती आधीपासूनच तिथं आहे. कॅमेऱ्याच्या चौकटीत ती आली आणि कित्येक ठिकाणी बातमी मजुरांची राहिलीच नाही. चौकट म्हणजे काय, फ्रेमिंग म्हणजे काय, हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण परदेशी पुस्तकात सापडणार नाही.

भारतीय ज्ञानपरंपरेबद्दलही बोललं पाहिजे, कारण नव्या आराखड्यात ती सक्तीची आहे आणि नव्या शिक्षकाची सर्वांत जास्त धांदल तिथं उडते. काय शिकवायचं, ते नीट ठरलेलं नसतं. मग नारदमुनी हे आद्य पत्रकार, एवढ्या एका वाक्यावर तास निघतो. नाट्यशास्त्रातून साधारणीकरणाची कल्पना घेऊन संवादाचा विचार करणारे अभ्यासक आहेत, ते अवश्य शिकवावं, त्यात दम आहे. पण परंपरा म्हटलं की माझ्यासमोर कीर्तन येतं, पोवाडा येतो, बार्शीचे शाहीर अमर शेख येतात, ज्यांच्या आवाजावर संयुक्त महाराष्ट्राच्या सभा जमत. १८५७ मध्ये इंग्रजांनी ठार केलेले ‘दिल्ली उर्दू अखबार’चे मौलवी मोहम्मद बाकर येतात. ‘मूकनायक’ येतो, ‘दीनबंधू’ येतो. ज्ञानपरंपरेचा रकाना रिकामा आहे, तर त्यात काय भरायचं हे शिक्षकाच्या वाचनावर अवलंबून राहील. त्याला वाचायला वेळ आणि पुस्तकं दिली तर त्यात अमर शेख येतील, नाही दिली तर व्हॉट्सअ‍ॅपवर जे आलं असेल ते येईल.

दरवर्षी ६ जानेवारीला आपण पत्रकार दिन साजरा करतो, बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढला म्हणून. माध्यम विभागात त्या दिवशी फोटोला हार असतो, बाहेरचे पाहुणे असतात. जांभेकर एल्फिन्स्टनमध्ये शिकवत आणि पुढं १८४५ च्या सुमारास शिक्षक तयार करण्यासाठी निघालेल्या अध्यापन वर्गाचे ते प्रमुख होते, हे मात्र त्या भाषणांत सहसा येत नाही. ज्या माणसानं मराठीत पेपर सुरू केला, त्याला शाळांसाठी आधी मास्तर घडवावे लागतात हे समजलेलं होतं.

मग करायचं काय? फार मोठं काही नाही. केरळनं २०२२ मध्ये शाळकरी मुलांना खोटी माहिती ओळखायला शिकवायचं ठरवलं, तेव्हा आधी शिक्षकांना बसवलं, मग मुलांकडं गेले. आपल्या विद्यापीठांना जूनच्या पहिल्या पंधरवड्यात विभागातले नवे-जुने माध्यम शिक्षक एकत्र आणून पाठ घ्यायला लावणं अशक्य नाही. व्याख्यानं नकोत. प्रत्येकानं एक अवघड बातमी इतरांसमोर शिकवायची आणि बाकीच्यांनी विद्यार्थी होऊन त्याला अडचणीत टाकायचं. तासिकेवरच्यांना त्या दिवसांचे पैसे द्यायचे, हे पहिल्यांदा लिहून घ्यावं, नाहीतर ते येणार नाहीत आणि का यावं? बातमीदारीतून आलेला आणि नेट होऊन आलेला, यांची निदान एका सत्रापुरती जोडी लावावी. मराठीतली प्रकरणं, निकाल, त्या त्या दिवसांची पानं एका जागी जमवून ठेवावीत, म्हणजे प्रत्येक नव्या शिक्षकाला रविवारी रात्री शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेचा पेपर यंदा बऱ्याच ठिकाणी आलाय. तो शिकवणाऱ्यांची अवस्था तर फॅक्ट चेकिंगवाल्यांपेक्षा बिकट आहे, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

कुणी म्हणेल, मुलांना नोकरीसाठी कॅमेरा, एडिटिंग, मोबाइल जर्नालिझम शिकवा, हे काय मध्येच? शिकवाच. माझ्या वर्गातली पाच-सहा पोरं आज चॅनेलांत आहेत. २०२० च्या त्या एप्रिलमध्ये त्यांतला एक डेस्कवर पट्ट्या लिहीत होता. मी फोन करून विचारलं, काय लिहितोयस हे? तो म्हणाला, “सर, वरून मथळा येतो. मी फक्त अक्षरं बसवतो.” अक्षरं बसवायला मीच शिकवलं होतं आणि तो ती छान बसवत होता.

ती मुलगी ऑगस्टमध्ये पुन्हा बोलली. तिनं पालघरचा तुकडा वापरला नाही. त्याऐवजी स्वतःच्या तालुक्यातली पोरं पळवणाऱ्या टोळीची जुनी अफवा घेतली, ज्यात एका फेरीवाल्याला मार पडला होता. मुलांना गावात पाठवून ती कुठून निघाली ते शोधायला लावलं. त्यात शोएबच्या गटानं सर्वांत जास्त माणसं गाठली, कारण त्याचा मामा आठवडी बाजारात बसतो आणि सगळ्यांना ओळखतो. पालघरचं ती दुसऱ्या सत्रात करून बघणार आहे, वर्ग थोडा आपला झाल्यावर. हे सहा तास अंतर्गत मूल्यमापनाच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात दाखवायचे, ते तिला कळत नव्हतं. विभागप्रमुखांनी सध्या ‘क्षेत्रभेट’ लिहायला सांगितलंय. मानधनाच्या बिलात त्यांतले दोनच तास धरले गेले, बाकीचे वर्गाबाहेर झाले म्हणून.